दुखणं थांबल्यानंतरचे सहा महिने

अकिलीस टेंडन तुटलेल्या खेळाडूचं सर्वांत मोठं नुकसान ते तुटतं त्या दिवशी होत नाही. ते होतं तिसऱ्या ते नवव्या महिन्यात, घरच्यांच्या आणि स्वतःच्याही नकळत. सुरुवातीला सगळे धावून येतात. प्लास्टर, बूट, कुबड्या, भेटायला येणारी माणसं यांत दिवस जातात. मग बूट निघतो, चालणं जमू लागतं, दुखणं थांबतं, ऑफिस सुरू होतं आणि फिजिओकडे जाणं हळूहळू सुटतं. पोटरी अजून दुसऱ्या पायापेक्षा बारीक असते. एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही. पण घर ते ऑफिस एवढ्या जगण्यात त्याची गरज पडत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. मैदानावर परतल्यावर पहिल्याच उडीला ते कळतं, आणि तोवर भरून काढण्याचा सोपा काळ निघून गेलेला असतो.

हा लेख मुख्यतः त्या मधल्या महिन्यांसाठी आहे. पण तिथवर धड पोचायचं तर सुरुवात नीट व्हायला हवी.

पोटरीचे दोन मोठे स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्निमियस आणि त्याच्या आतला सोलियस, खाली येऊन एकाच टेंडनमध्ये मिळतात आणि ते टेंडन टाचेच्या हाडाला जोडलेलं असतं. शरीरातलं हे सर्वांत जाड आणि मजबूत टेंडन. धावताना प्रत्येक पावलाला त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. तरीही ते तुटतं, आणि बहुधा रोजच्याच हालचालीत तुटतं: बॅडमिंटनमध्ये मागच्या पायाने रेटा देऊन पुढे झेपावताना, बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना, कबड्डीत चढाईवर असताना एकदम दिशा बदलताना. तिशी ते पन्नाशीतले, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी जीव तोडून खेळणारे पुरुष यात सर्वाधिक आढळतात. तुटताना ‘फट्’ असा आवाज येतो, कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखं वाटतं, आणि वळून पाहावं तर मागे कोणीच नसतं.

इथे एक मोठी फसगत होते. कळ थोड्या वेळात ओसरते, लंगडत का होईना चालता येतं, पाऊल खाली दाबताही येतं, कारण ते काम करणारे दुसरे छोटे स्नायू शाबूत असतात. मग ‘मुरगळला असेल’ म्हणून क्रेप बँडेज बांधून आठवडे काढले जातात. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी तुम्हाला पालथं झोपवून पोटरी दाबून पाहिली का, याकडे लक्ष द्या. निरोगी पायाची पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली वळतं. टेंडन पूर्ण तुटलं असेल तर पाऊल जागचं हलत नाही. या साध्या चाचणीला थॉम्पसन चाचणी म्हणतात आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. एक्स-रेमध्ये टेंडन दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर समाधान मानू नका. तोवर मालिश करून घेऊ नका, कोणाला पाय ओढू देऊ नका, शेकू नका. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत स्थिर ठेवा आणि उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू करा. तुटलेली टोकं एकमेकांजवळ असतानाच ती जुळायला हवीत.

ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्यावर घरात भांडणंही होतात. २०२२ मध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं होतं: विनाऑपरेशन उपचार, नेहमीचं ऑपरेशन आणि लहान छेदाचं ऑपरेशन. वर्षभरानंतर पायाच्या कामात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. टेंडन पुन्हा तुटण्याचं प्रमाण विनाऑपरेशन गटात सुमारे ६ टक्के, तर ऑपरेशनच्या गटांत १ टक्क्याहून कमी होतं. मज्जातंतूला इजा होण्याचे प्रकार मात्र ऑपरेशनमध्ये जास्त होते. स्पर्धात्मक खेळात परतायचं असलेल्या तरुण खेळाडूला बहुतेक सर्जन ऑपरेशन सुचवतात. मधुमेह असलेल्याला, तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्याला किंवा जखम भरायला त्रास होण्याची शक्यता असलेल्याला विनाऑपरेशन मार्ग अधिक योग्य ठरू शकतो. माझं मत विचाराल तर ऑपरेशन होईल की नाही यापेक्षा त्यानंतर तुम्हाला कोण, किती दिवस आणि कुठल्या टप्प्यांनी सांभाळणार आहे, हा प्रश्न सर्जनला अधिक ठामपणे विचारायला हवा. उत्तर ‘सहा आठवडे प्लास्टर, मग बघू’ एवढंच असेल तर दुसरं मत घ्या.

पूर्वी पाय महिना-दोन महिने प्लास्टरमध्ये बांधून ठेवत. आता बहुतेक ठिकाणी दोनेक आठवड्यांत टाचेखाली पाचरी घातलेला वॉकिंग बूट देतात आणि कुबड्यांच्या आधाराने त्या पायावर थोडं थोडं वजन टाकायला सांगतात. पाचरीमुळे टाच उंच राहते, टेंडन सैल राहतं. दर काही दिवसांनी एकेक पाचर काढत जायची, आणि ती कधी काढायची हे डॉक्टर किंवा फिजिओ ठरवतील. या काळात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: टेंडन लांब होऊ द्यायचं नाही. पाऊल आखडल्यासारखं वाटतं म्हणून भिंतीला हात लावून पोटरी ताणू नका. जुळताना टेंडन सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जरी लांब झालं तरी पोटरीचा जोर पुरता टाचेपर्यंत पोचत नाही, आणि ही उणीव नंतर व्यायामाने भरून काढणं फार कठीण असतं. आखडलेपणा नंतर आपोआप सुटतो, ताणलेलं टेंडन आपोआप आखूड होत नाही.

आपल्या घरांमध्ये या नियमाला धक्का देणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत, आणि परदेशी माहितीपत्रकांत त्या सापडत नाहीत. पहिली म्हणजे भारतीय पद्धतीचं शौचालय. उकिडवं बसताना घोटा पूर्ण वाकतो आणि टेंडनवर कमाल ताण येतो. किमान पहिले तीन महिने कमोड किंवा शौचाची खुर्ची वापरा. ती सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते. उकिडवं बसून धुणं, केर काढणं, जोत्यावर बसून कामं करणं, सगळं तेवढ्या काळापुरतं बंद. दुसरी जागा म्हणजे घराचा उंबरा. बूट सुटल्यावर डॉक्टर पादत्राणात टाचेखाली उंचवटा घालायला सांगतात; आपण मात्र घरात शिरताना चप्पल बाहेर काढतो आणि उरलेला दिवस अनवाणी फरशीवर फिरतो. घरासाठी टाच उंच असलेली, मागून पट्टा असलेली वेगळी स्वच्छ जोडी ठेवा. तिसरी जागा ओली न्हाणी. टेंडन पुन्हा तुटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि त्या वेळी ते बहुधा असं घसरून किंवा जिन्यावर पाय चुकूनच तुटतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करा, भिंतीला दांडी बसवून घ्या. बुटामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते, म्हणून चांगल्या पायात जाड तळव्याचा बूट घाला. उजवा पाय दुखावला असेल तर गाडी चालवण्याचा विचारही नको.

आणखी एक धोका आहे, आणि तो जिवावरचा आहे. बांधून ठेवलेल्या पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली, वेगळ्याच तऱ्हेने दुखू लागली, किंवा दम लागून छातीत दुखू लागलं, तर फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आता मुख्य भागाकडे. टेंडन इतकं सावकाश का भरून येतं? स्नायूपेक्षा त्यात रक्तपुरवठा फार कमी असतो, आणि टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जिथे ते बहुधा तुटतं, तिथे तर आणखी कमी. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या शरीरात कुठे, किती टिकून आहे हे त्यांनी मोजलं. अकिलीस टेंडनच्या गाभ्यात तो जवळजवळ जसाच्या तसा होता. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार झालेला गाभा पुढे आयुष्यभर फारसा बदलतच नाही. अशा ऊतीला तुटल्यावर जोडताना शरीर आधी घाईघाईने कच्च्या, अस्ताव्यस्त तंतूंचा सांधा उभारतं. ते तंतू ताणाच्या दिशेने ओळीत लागायला, जाड व्हायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. आणि ते ओळीत लागतात ते ताण मिळाला तरच. नुसती विश्रांती घेऊन टेंडन मजबूत होत नाही. मोजून, वाढवत नेलेला भार हेच त्याचं औषध आहे. दुखणं थांबतं तेव्हा सांधा जेमतेम धरलेला असतो, तयार झालेला नसतो.

साधारण तिसऱ्या महिन्यापासून व्यायामाला जोर यायला हवा. पहिल्यांदा खुर्चीत बसून, गुडघ्यावर वजन ठेवून टाचा उचलायच्या. गुडघा वाकलेला असताना सोलियस अधिक काम करतो, आणि धावताना शरीराचा मोठा भार तोच पेलतो. त्यामुळे हा व्यायाम म्हाताऱ्या माणसांचा समजून सोडून देऊ नका. घरी डंबेल नसेल तर तांदळाची किंवा पाण्याची पिशवी चालेल. पुढे उभं राहून दोन्ही पायांवर टाचा उचला, मग दोन्हींवर वर जाऊन दुखावलेल्या पायावर खाली या, आणि मग एका पायावर. प्रत्येक वेळी तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. घाईने केलेले पन्नास उचल निरुपयोगी ठरतात, सावकाश केलेले दहा उपयोगी. आठ ते बारा उचलांचे तीन-चार सेट, एक दिवस आड. भारानंतर टेंडनमध्ये नवं कोलेजन तयार होण्याचं काम दोन-तीन दिवस चालू असतं, पण पहिल्या दीड दिवसात जुनं मोडण्याचा वेगही जास्त असतो. म्हणून रोज जड व्यायाम केल्याने लवकर बरं व्हायला होत नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच पायरीखाली नेणं मात्र फिजिओने परवानगी दिल्याशिवाय करू नका. लांब होण्याचा धोका अजून टळलेला नसतो.

भार किती वाढवायचा, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. व्यायाम करताना शून्य ते दहाच्या मापात दोन-तीनपर्यंत दुखलं तर चालतं. पण सकाळी पलंगावरून उतरून पहिली पावलं टाकताना कालच्यापेक्षा जास्त आखडलेपणा किंवा दुखणं जाणवलं, तर परवाचा भार कमी करा. काही वाढलं नसेल तर थोडं वजन वाढवा. हे वहीत लिहून ठेवा. स्मरणशक्तीवर सोडलं की आपण नेहमी स्वतःच्या बाजूने आठवतो.

आणि मोजमाप करा. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून टाच जास्तीत जास्त किती उंच जाते याची भिंतीवर पेन्सिलने खूण करा, आधी चांगल्या पायाची, मग दुखावलेल्याची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचं खरं प्रगतिपुस्तक. दर दोन आठवड्यांनी खूण करत राहा. मग संख्या बघा. निरोगी माणसाला एका पायावर साधारण पंचवीस उचल जमावेत अशी अपेक्षा असते. पोटरीचा घेर टेपने मोजला तर तोही काही सांगतो, पण खूण अधिक प्रामाणिक आहे. वर्षभरानंतरही अनेकांच्या पोटरीत १० ते ३० टक्के ताकद कमीच असते असं अभ्यासांत दिसतं. म्हणून ही कामगिरी दोनतीन महिन्यांत संपणारी नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

धावायला सुरुवात तारखेवर ठरवू नका. अर्धा तास झपाझप, जराही न लंगडता चालता येतं का? दुखावलेल्या एका पायावर जवळजवळ दुसऱ्याइतक्याच उंचीचे निदान पाच-सहा उचल होतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर एक मिनिट संथ धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सपाट आणि मऊ जमिनीवर, एक दिवस आड सुरू करा. बऱ्याच जणांना ते चौथ्या-पाचव्या महिन्यात जमतं, काहींना सातव्यात. चढ, वेगवान धाव आणि उड्या त्याच्याही नंतर. स्पर्धेच्या आधी एका पायावरच्या उड्यांची तुलना करा. दुखावलेला पाय दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचलेला असावा. थकल्यावरही पुन्हा करून पाहा, कारण सामन्याच्या शेवटी पाय थकलेलाच असतो. या सगळ्याला सहसा नऊ ते बारा महिने जातात.

घाई आणि सबुरी या दोहोंचे दाखले बास्केटबॉलमध्ये आहेत. कोबी ब्रायंटचं डावं अकिलीस टेंडन एप्रिल २०१३ मध्ये तुटलं. तुटलेल्या पायाने त्याने दोन फ्री थ्रो टाकले आणि तो स्वतः चालत बाहेर गेला. आठ महिन्यांनी तो परतला, सहा सामने खेळला, आणि त्याच पायाच्या गुडघ्याचं हाड मोडून पुन्हा बाहेर गेला. एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येणार नाही, पण आठव्या महिन्यात संपूर्ण शरीर किती कच्चं असू शकतं याचा विचार करायला ते पुरेसं आहे. केव्हिन ड्युरंटला २०१९ च्या अंतिम मालिकेच्या साधारण तीन आठवडे आधी उजव्या पोटरीची दुखापत झाली होती. तो मालिकेत परतला आणि त्याच पायाचं टेंडन तुटलं. त्यानंतर मात्र त्याने पूर्ण एक हंगाम सोडला, जवळजवळ दीड वर्षाने डिसेंबर २०२० मध्ये उतरला, आणि जून २०२१ मध्ये प्लेऑफच्या एका सामन्यात त्याने ४९ गुण केले. व्यावसायिक खेळाडूलाही हंगाम सोडावा लागतो. आपल्या रविवारच्या संघाने तुमच्यासाठी एवढं थांबावं ही मागणी मोठी नाही.

मोहम्मद शमीचा प्रवास आपल्याला अधिक जवळचा. २०२३ च्या विश्वचषकानंतर अकिलीस टेंडनच्या दुखण्यासाठी त्याच्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये इंदूरला रणजी सामन्यात त्याने सात बळी घेतले आणि लोकांना तो लगेच ऑस्ट्रेलियात हवा होता. पण डिसेंबरमध्ये बीसीसीआयने कळवलं की टाच पूर्ण बरी आहे, मात्र गोलंदाजीचा भार वाढल्याने डाव्या गुडघ्याला सूज आली आहे. टेंडन बरं झालं म्हणजे बाकीचं शरीर आपोआप सामन्यासाठी तयार होतं असं नाही; षटकांची संख्याही आठवड्याआठवड्याने वाढवावी लागते. तो थांबला, जानेवारी २०२५ मध्ये भारतासाठी परतला, आणि फेब्रुवारीत दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीत बांगलादेशविरुद्ध त्याने पाच बळी घेतले.

टेंडन तुटलेलं नाही, पण सकाळी टाचेमागे दुखतं, धावायला लागल्यावर बरं वाटतं आणि थांबल्यावर पुन्हा ठणकतं, अशा हाफ मॅरेथॉनवाल्यांचीही संख्या मोठी आहे. त्यांनीही मोजून वाढवलेल्या भाराचं हेच तत्त्व वापरावं. १९९८ मध्ये स्वीडनच्या हॉकन अल्फ्रेडसन यांनी पायरीच्या कडेवर सावकाश टाच खाली नेण्याचा व्यायाम दुखऱ्या टेंडनसाठी मांडला: पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पायरीखाली टाच नेणारा हा व्यायाम न तुटलेल्या टेंडनसाठी आहे, नुकत्याच जुळलेल्यासाठी नाही. दोहोंत गल्लत करू नका. नंतर आलेल्या सावकाश जड वजनांच्या पद्धतीही तितक्याच उपयोगी ठरल्या आहेत, तेव्हा जी तुम्ही तीन महिने निष्ठेने कराल ती निवडा. टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन स्पर्धा गाठण्याचा मोह टाळा. त्याने दुखणं दबतं, टेंडन मात्र कमकुवत होऊ शकतं.

आपल्याकडे फारसं बोललं जात नाही असं एक कारण औषधांच्या कपाटात असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे टेंडन सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे जुलाब झाले की या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. डॉक्टरांनी दिल्या तर जरूर घ्या, पण ‘मी धावतो, माझं टेंडन दुखावलेलं आहे’ हे त्यांना आधी सांगा, आणि गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर खेळ थांबवून त्यांना कळवा. तंबाखू कुठल्याही रूपातली सोडा, साखर आटोक्यात ठेवा. रोजच्या जेवणात डाळ, अंडी, मासे, दूध पुरेसं असू द्या. कोलेजनच्या महागड्या डब्यांवर खर्च करण्याआधी तेच पैसे फिजिओच्या आणखी काही भेटींसाठी ठेवा.

मैदानावर परतल्यावरही आठवड्यातून दोनदा एका पायावरचे जड टाच-उचल चालू ठेवा, आणि दोन्ही पायांनी करा. एकदा तुटलेल्या माणसाचं दुसऱ्या बाजूचं टेंडन तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पहिल्या काही सामन्यांत पाय टाकताना भीती वाटेल. ती फिजिओला सांगा, कारण भीतीने माणूस चांगल्या पायावर जास्त भार देतो. कर्णधाराला आधीच सांगून ठेवा की तुम्ही किती षटकं टाकणार आहात किंवा किती गेम खेळणार आहात, आणि सामना रंगात आला तरी तो आकडा बदलणार नाही.